जोथम कीलरचे खोगीर

मित्रांनो, माझ्यावर आता कुणी स्वार होत नाही. धान्याच्या कोठारात एका आडव्या तुळईवर मला टाकून ठेवले आहे. सकाळी फळ्यांच्या फटीतून उन्हाची तिरीप येते, तिच्यात गवताची धूळ तरंगत राहते, आणि मला वाटते की ते धुकेच आहे. आता खाली नदी दिसेल, घोडी फुरफुरेल, कुणीतरी रिकिबीत पाय घालील. मग तिरीप सरकते आणि धूळ पुन्हा नुसती धूळ होते.

मी एक जुने खोगीर आहे. माझे चामडे ठिकठिकाणी तडकले आहे. एक रिकीब हरवली आहे. पोटातली लोकर उंदरांनी आपल्या पिल्लांसाठी नेली. तुमच्या भाषेत निरुपयोगी भरण्याला 'खोगीरभरती' म्हणतात, असे मी ऐकून आहे. माझी भरती मात्र उत्तम मेंढीच्या लोकरीची होती, आणि उंदरांना ती नक्कीच आवडली असावी.

माझा जन्म अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात, थॉर्नबरी गावात झाला. देश तेव्हा नवा नवा स्वतंत्र झाला होता आणि सगळ्याच गोष्टींना ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता. एलिअॅझर बिकफर्ड नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. बैलाचे कातडे त्याने ओकच्या सालीच्या पाण्यात महिनोन्महिने भिजत ठेवले. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा तासला. मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक टाका घालताना तो काहीतरी गुणगुणत असे. ते सूर अजून माझ्या शिवणीत कुठेतरी असतील.

मला न्यायला जोथम कीलर आला. अंगात दुसऱ्या कुणाचा तरी कोट, काटकुळा, नुकताच वकील झालेला.

"वकील का?" बिकफर्डने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "मग थोडं रुंद करून देतो. आमच्याकडे वकील बारीक येतात आणि जाड होऊन जातात."

"मीही होईन असं वाटतं तुम्हाला?"

"ते तुम्ही कुणाची बाजू घेता त्यावर आहे."

जोथम हसला. मला खांद्यावर टाकून तो बाहेर पडला आणि जुनिपर नावाच्या करड्या घोडीच्या पाठीवर मला चढवून त्याने तिच्या पोटाखालून माझा तंग आवळला. त्या दिवसापासून आम्ही तिघे एक झालो.

तेव्हा न्यायालयाला स्वतःची इमारत नव्हती. न्यायाधीश आणि वकील घोड्यांवरून गावोगाव फिरत, आणि सराईतल्या मोठ्या खोलीत खटले चालत. पाऊसपाण्याने चामडे खराब होऊ नये म्हणून खोगिरे आत आणून शेकोटीपासून थोड्या अंतरावर ठेवायची रीत होती. त्यामुळे मी जेवढे खटले ऐकले तेवढे क्वचितच कुणी ऐकले असतील. उबेत माझा डोळा लागे, मध्येच जाग येई, आणि कुणीतरी हरवलेल्या गाईबद्दल नाहीतर सरकवलेल्या कुंपणाबद्दल बोलत असे. ती सगळी वर्षे मला एका लांबच लांब दुपारसारखी आठवतात. एक खटला मात्र लख्ख आठवतो.

त्याआधी आमच्याकडचा एक कायदा सांगायला हवा. प्रत्येक गावाने फक्त आपल्याच निराधार माणसांना पोसायचे. परगावचा कुणी गरीब आपल्या हद्दीत राहू लागला, की गावचे पंच शिपायाच्या हाती नोटीस पाठवत: गाव सोडा. नोटीस हातात पडली नाही आणि माणूस वर्षभर राहिला, की तो गावचा झाला. मग त्याच्या म्हातारपणाचा भार गावावर. म्हणून गावे एकमेकांशी भांडत. जमिनीसाठी माणसे 'ही माझी' म्हणून भांडतात. इथे भांडण होते ते 'ही माझी नाही' म्हणून.

डॉर्कस टटल ही अशीच एक म्हातारी होती. नवरा युद्धात गेला. तिने नदीच्या दोन्ही काठांवरच्या घरांत सूत कातून आयुष्य काढले. या घरी एक हिवाळा, त्या घरी एक उन्हाळा. मग तिचे हात थरथरू लागले आणि सूत तुटू लागले. थॉर्नबरी म्हणाले, ती पलीकडच्या ऑल्डरटन गावची. ऑल्डरटन म्हणाले, ती तुमची. थॉर्नबरीने जोथमला वकील केले.

जोथम त्या दिवशी फार सुंदर बोलला. डॉर्कसचे लग्न कुठे झाले, तिने पहिली चूल कुठे मांडली, नवऱ्याचे शेत कोणत्या काठाला होते, हे त्याने असे उलगडून मांडले की ऐकणाऱ्यांना नदीच डोळ्यांपुढे दिसू लागली. डॉर्कस खिडकीजवळ बसून ऐकत होती, एखाद्या अनोळखी बाईची गोष्ट ऐकावी तशी. निकाल लागला: ती ऑल्डरटनची. आमच्या गावच्या लोकांनी जोथमला उचलून घ्यायचेच बाकी ठेवले.

दुसऱ्या दिवशी गावचा शिपाई लेम्युएल पाइक तिला बैलगाडीत घालून निघाला. निकालाचा कागद ऑल्डरटनच्या पंचांच्या हाती द्यायचा होता, म्हणून जोथमही मागून घोडीवर निघाला. झिमझिम पाऊस होता. नदीच्या उतारावर गाडीचे चाक चिखलात रुतले. पाइकने बैलांना हाका मारल्या, जोथमने खाली उतरून चाकाला खांदा लावला. डॉर्कस वरून पाहत होती.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "काल तुम्ही फार छान बोललात हो. मी कुणाची नाही, हे इतकं नीट मला आजवर कुणीच समजावलं नव्हतं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरेच कौतुक होते. जोथमने पुन्हा चाकाला खांदा लावला. चाक निघाले. तो पुन्हा माझ्यावर बसला तेव्हा कालच्यापेक्षा जड वाटला.

ऑल्डरटनच्या सराईत लिलाव होता. पद्धत अशी, आणि खरे तर आमच्या गावचीही तीच, की निराधार माणसाला वर्षभर सांभाळायला सर्वांत कमी पैसे कोण घेईल याची उलटी बोली लावायची. जो कमी मागेल त्याच्या घरी ते माणूस जायचे. पावसामुळे मला आत आणले होते, म्हणून ते मी पाहिले. डॉर्कसला स्टुलावर बसवले होते.

"हात पुढे कर बघू," एक डुकरे पाळणारा शेतकरी म्हणाला. "छे. थरथरतात. सूत निघायचं नाही. फार तर कोंबड्या हाकलेल."

"कोंबड्या माझं ऐकत नाहीत," डॉर्कस म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

लोक हसले. बोली खाली खाली येऊ लागली. जोथमने कागद देऊन टाकला होता. त्याचे काम झाले होते. त्याने मला खांद्यावर घेतले आणि दाराकडे निघाला. दारात थांबला. मी त्याच्या खांद्यावर होतो. बंद गोठ्यात वासरू धडका मारते तशी त्याची छाती हलत होती.

"काहीच नको," तो म्हणाला.

"काय म्हणालात?" सराईवाल्याने कानाला हात लावला.

"मी यांना नेतो. मला गावाकडून काही नको."

सगळी खोली हसू लागली.

"काल तुम्हीच सिद्ध केलंत ना, की ती थॉर्नबरीची नाही?"

"केलं."

"मग आज तिला थॉर्नबरीला नेणार?"

"हो."

"मग खटला कशाला लढलात?"

"ते मला कळलं असतं तर मी आत्ता घरी पोहोचलो असतो."

"मला कुणी विचारणार आहे का?" स्टुलावरून आवाज आला.

जोथमचे कान लाल झाले. त्याने टोपी काढली. "याल का, टटलबाई?"

"घोडीवर बसायला मिळणार असेल तर येते. त्या गाडीत माझी कंबर मोडली."

तर मित्रांनो, डॉर्कस टटल माझ्यावर बसली. ओल्या पानांची टोपली ठेवावी इतकी हलकी होती ती. जोथम लगाम धरून चिखलातून चालत होता. पाऊस थांबला होता आणि नदीवर धुके चढत होते, इतके दाट की काठ दिसेनासे झाले. हे गाव कुठे संपते आणि ते कुठे सुरू होते, काहीच कळत नव्हते. घोडीच्या टापांचा आवाजही कापसातून आल्यासारखा येई. मला वाटले, आम्ही चालतच राहू, कुठेही पोहोचणार नाही, आणि तेही चालेल.

"कुणी पाहिलं तर म्हणेल," वरून डॉर्कस म्हणाली, "वकिलानं म्हातारीचं काहीतरी लुबाडलं आणि आता फेडतोय."

"तसंच आहे," जोथम म्हणाला.

दारात त्याची बायको मेहिटेबल उभी होती, हाताला पीठ लागलेले. घरात सगळे तिला हिटी म्हणत. तिने घोडीवरच्या म्हातारीकडे पाहिले, चिखलाने भरलेल्या नवऱ्याकडे पाहिले.

"जोथम, तू खटला जिंकलास की हरलास?"

"दोन्ही."

"बरं. आत या, आजी. तू नाही, तू आधी पाय धू."

गावात मोठी खळबळ उडाली. पंच घरी आले. एवढा खर्च करून नदीपार केलेली बाई वकिलानेच परत आणली, हा काय प्रकार? कायद्याने ती वर्षभर राहिली तर गावची होणार. तिचे खाणेपिणे जोथमच्या खर्चाने होते, म्हणून तिला ओढून न्यायची घाई कुणाला नव्हती; पण ती गावची होऊ नये म्हणून त्यांनी नोटीस काढली. आणि मग दरवर्षी शरद ऋतूत लेम्युएल पाइक नोटीस घेऊन येऊ लागला. मी पडवीत टांगलेला असे, तेथून सगळे ऐकू येई.

पाइक घसा साफ करून वाचू लागे, "डॉर्कस टटल, तुला कळवण्यात येतं की..."

"बस रे लेम्युएल. डोनट गरम आहेत. आधी खा, मग हाकल."

पाइक बसे. खाऊन झाल्यावर उरलेली नोटीस वाचे. डॉर्कस ती त्याच्या हातातून घेऊन चूल पेटवायला जपून ठेवी.

ती काही देवमाणूस नव्हती. सूपमध्ये मीठ कमी म्हणून हिटीशी भांडे, मुलांना चोरून मेपलचा पाक चाटवी आणि जोथमला तोंडावर सांगे की त्याला लाकडे फोडता येत नाहीत. हिटीही काही कमी नव्हती. "आजी, नोटीस आलीय ना, मग जा की," असे ती म्हणे, आणि दोघी हसत. त्या घरात माझ्यावर तेलाचा हात फिरे तो डॉर्कसचा. थरथरत्या हाताने तेल कमीजास्त लागे, पण कोपरेही सुटत नसत.

काही वर्षांनी गावाने जोथमला आमदार केले. तुम्हाला वाटेल, लोकांना त्याचे मोल कळले. तसे नव्हते. गावसभेत पाइकच म्हणाला होता, "त्याला विधानसभेत पाठवा. तेवढे दिवस तरी तो कुणाला घरी आणणार नाही." हशा पिकला आणि हात वर झाले.

दर ऑक्टोबरात आम्ही राजधानीला जात असू. डोंगर तेव्हा लाल आणि पिवळे झालेले असत. वाटेवर पाने इतकी पडत की जुनिपरचे पाय दिसत नसत. जोथम वाटभर भाषणाची तालीम करी. माणसांचा लिलाव बंद व्हावा, असा कायदा त्याला आणायचा होता. जुनिपरने ती भाषणे इतकी ऐकली की 'सन्माननीय सभासदहो' म्हटले की ती आपोआप चाल मंद करी. तिथे मात्र कुणी चाल मंद केली नाही. त्याचा ठराव दरवर्षी बाजूला ठेवला जाई. एकदा कुणी उठून विचारले, "कीलरसाहेब सगळ्या राज्याच्या म्हाताऱ्यांना घोडीवर बसवून आणणार आहेत का?" सभागृह बराच वेळ हसत राहिले. ही गोष्ट त्याने परतताना घोडीला सांगितली, म्हणून मला कळली. तो स्वतःही थोडा हसला.

सभागृहात एबेनेझर स्टॅनर्ड नावाचा एक वजनदार गृहस्थ होता. आमच्याच गावचा. ओढ्यावर त्याची लाकूड चिरायची गिरणी होती. गावाच्या चर्चची घंटा त्याने दिलेली. हसतमुख, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. एक दिवस वाटेत तो आपला घोडा जोथमच्या शेजारी घेऊन आला.

"जोथम, तू न्यायाधीश हो."

"मी?"

"डोकं चांगलं आहे तुझं. आणि खरं सांगू? तिथं बसलास की कायदे करता येत नाहीत. आमचे कान तरी सुटतील."

आमच्याकडे न्यायाधीशाला विधानसभा निवडत असे, आणि तेही दरवर्षी नव्याने. स्टॅनर्डने मते जमवली. जोथम न्यायाधीश झाला. लोक त्याला 'जज्जसाहेब' म्हणू लागले, सराईत त्याला शेकोटीजवळची खुर्ची मिळू लागली, आणि मलाही भिंतीवरची चांगली खुंटी. माझे ते वैभवाचे दिवस. पितळी बकले चमकत. लोक म्हणत, "खोगीर बघा जज्जसाहेबांचं."

पण जोथम गप्प होत गेला. जो कायदा त्याला मोडून काढायचा होता, तोच आता त्याला चालवावा लागे. नोटीस वेळेत दिली असेल तर माणसाला जावे लागे. त्यात न्यायाधीशाला करण्यासारखे काही नसे. असे निकाल देऊन परतताना तो घोडीला टाच मारायचे विसरून जाई. घोडी आपल्या मनाने चाले, कधी कधी भलत्याच वाटेला लागे, आणि संध्याकाळी आम्ही कुठल्या तरी अनोळखी कुरणाच्या काठाशी उभे असू. दूरच्या कुठल्याशा घरातून धूर निघत असे. जोथम तो बघत बसे.

मग फिनिअस कॉबचा खटला आला.

फिनिअस बाहेरगावाहून येऊन स्टॅनर्डच्या गिरणीत कामाला लागला होता. गिरणीच्या करवतीत त्याचा उजवा हात गेला. स्टॅनर्डने डॉक्टर आणला, औषधाचे पैसेही दिले. पण गावात येऊन वर्ष पुरे व्हायच्या आत त्याला नोटीस काढली गेली, कारण एका हाताचा माणूस, त्याची बायको केझाया आणि मुले उद्या गावाच्या अंगावर पडतील अशी सगळ्यांना धास्ती होती. नोटीस पाइकने पोहोचवली, असे थॉर्नबरीचे म्हणणे. आम्हाला मिळालीच नाही, असे केझायाचे म्हणणे. आणि एव्हाना वर्ष उलटून गेले होते.

खरे तर जोथम थॉर्नबरीचा रहिवासी. निकाल थॉर्नबरीच्या बाजूने लागला तर कॉबला परत घ्यावे लागेल, त्या त्याच्या मूळ गावाने अशा न्यायाधीशाला हरकत घ्यायला हवी होती. पण त्यांचा वकील म्हणाला, "आम्हाला हेच न्यायाधीश चालतील."

सुनावणीच्या आदल्या दिवशी जोथम तबेल्यात मला घोडीवर चढवत होता. जुनिपर आता नव्हती. तिची लेक क्लोव्हर होती. स्टॅनर्ड आत आला.

"मी तुला त्या खुर्चीवर बसवलं, हे मी कधी बोलून दाखवणार नाही."

"आत्ताच दाखवलंस की."

स्टॅनर्ड हसला. "ऑक्टोबरात मतं आहेत, जोथम."

"दर ऑक्टोबरात असतात."

"मी त्या माणसाला उपाशी मारत नाहीये. त्याच्या मूळ गावी पाठवतोय. एकाला ठेवलं की दहा येतील. गिरणी आहे, माणसं येणार, माणसं मोडणार. गावानं किती जणांना पोसायचं?"

"त्याचं मूळ गाव त्याला हात परत देणार आहे का?"

स्टॅनर्ड थोडा वेळ घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "हे न्यायाधीश बोलतोय की हिटीचा नवरा?"

"आत्ता मी तंग आवळतोय, एबेनेझर. न्यायाधीश उद्या बोलेल."

तंग आवळताना त्याचे बोट बकलात चिमटले. ते त्याच्या लक्षातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी सराईत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर बर्फ पडत होते, आत ओल्या लोकरीचा वास भरला होता. मी खुंटीवर होतो. फिनिअस मागच्या बाकावर बसला होता, रिकामी बाही टाचणीने कोटाला लावलेली. पाइक उभा राहिला आणि त्याने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली.

"नोटीस दिलीस?" जोथमने विचारले.

"दिली, जज्जसाहेब."

"दारात की आत जाऊन?"

"आत जाऊन."

"काय खाल्लंस?"

लोक हसले. पाइक हसला नाही.

"लेम्युएल," जोथम हळू आवाजात म्हणाला, "तू माझ्या घरी दरवर्षी येतोस. नोटीस द्यायला गेलास आणि घासभर खाल्ल्याशिवाय परतलास, असं एक घर मला या मुलखात ठाऊक नाही. केझाया कॉबनं तुला काय वाढलं?"

पाइक हातातली टोपी फिरवू लागला. एकदा स्टॅनर्डकडे पाहिले. मग खाली.

"काही नाही वाढलं. मी आत गेलोच नाही."

त्याने टोपी टेबलावर ठेवली.

"गेलो होतो, पण खिडकीशीच थांबलो. ती त्याला डाव्या हातात चमचा धरायला शिकवत होती. सगळं सांडत होतं. आणि दोघं हसत होते, जज्जसाहेब. रडत असते तर मी दार वाजवलं असतं. रडणाऱ्यांची मला सवय आहे. हसत होते, म्हणून नाही जमलं."

"नोटीस कुठे आहे?"

"घरी जाऊन चुलीत घातली. आणि पंचांना सांगितलं की दिली."

"तू शपथेवर खोटं बोललास."

"बोललो. नंतर खरंही बोललो. दोन्ही लिहून घ्या."

आता जोथम भाषण करील, असे मला वाटले. घोडीला ऐकवलेली ती सगळी भाषणे त्याच्याजवळ होती, आणि आज ऐकायला भरलेली खोली होती. तो फक्त एवढेच म्हणाला, "नोटीस हातात पडलेली नाही. फिनिअस कॉब आणि त्याचं कुटुंब थॉर्नबरीचं आहे."

पाइकला दंड झाला आणि त्याची शिपायाची नोकरी गेली. ऑक्टोबरात विधानसभेने दुसरा न्यायाधीश निवडला. स्टॅनर्डने जोथमविरुद्ध एक शब्दही काढला नाही. तो फक्त मत द्यायच्या वेळी बाहेर फिरायला गेला, आणि बाकीच्यांना तेवढे पुरले. आम्ही लाल पानांच्या वाटेने घरी आलो.

हिटी दारात होती. "काय झालं?"

"आता सकाळी तुला लाकडं फोडून देता येतील."

"अरे देवा," आतून डॉर्कसचा थकलेला आवाज आला, "म्हणजे थंडीत मरणार आपण."

ती त्याच हिवाळ्याअखेर गेली, पण थंडीने नाही. मेपलचा रस झरू लागला होता, रानातून पाक आटवल्याचा धूर येत होता. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ती झोपली, ती झोपलीच. खड्डा पाइकने खणला. जमीन अजून गोठलेली होती आणि त्याने कुणाला कुदळीला हात लावू दिला नाही. हिटीने दगडावर कोरून घेतले: 'थॉर्नबरीची डॉर्कस टटल.'

पंचांपैकी एक जण कुरकुरला. "दगडावर असं लिहिलं तर पुढे पुरावा होईल हो."

"कशाचा पुरावा?" हिटी म्हणाली. "ती आता काही खात नाही."

दगड तसाच राहिला.

त्यानंतर जोथम पुन्हा साधा वकील झाला. केस पिकले, पाठ वाकली. बिकफर्डचा अंदाज चुकला होता. तो शेवटपर्यंत जाड झाला नाही. जवळपासची कामे घेई, बऱ्याचदा पैशांऐवजी सफरचंदे आणी. मीही जुना झालो होतो. आम्ही दोघेही करकरत असू.

अशाच एका मार्चमध्ये आमच्या सराईत गावसभा भरली होती. मला आत आणून बाकाच्या टोकाला ठेवले होते आणि जोथम माझ्याशेजारी बसला होता, हनुवटी काठीवर टेकून. सभेत स्टॅनर्ड अध्यक्ष होता, आता पांढऱ्या केसांचा. रस्त्याची कामे झाली, कुंपणांची झाली. मग ओबेद रँडलचे नाव निघाले. जन्मभर दुसऱ्यांची गुरे बाजाराला नेणारा ओबेद आता जवळजवळ आंधळा झाला होता. त्याला स्टुलावर बसवले. तो चेहरा वर करून आवाजांची वाट पाहत होता.

"बोली कोण सुरू करतो?" स्टॅनर्डने विचारले.

कुणी बोलले नाही.

"वर्षभर सांभाळायचं आहे. किती घेणार?"

शेकोटीत एक लाकूड फुटले. फिनिअस कॉब खाली पाहत होता. केझाया भिंतीशी उभी होती. ज्यांनी आजवर बोली लावल्या होत्या, तेही आपल्या बुटांकडे पाहत होते. हे आधी ठरलेले नव्हते, मित्रांनो. कुणी कुणाला काही सांगितलेले नव्हते. फक्त पहिला शब्द काढायला त्या दिवशी कुणाचीच जीभ उचलेना. ती शांतता लांबत गेली, बाहेरच्या बर्फासारखी सगळ्यांवर साचत गेली. स्टॅनर्डने हातातला हातोडा वर धरला होता. तो आपटावा की नाही, हे त्याला कळत नव्हते. शेवटी त्याने तो हळूच टेबलावर ठेवला.

"बर्फ वितळेपर्यंत माझ्याकडे," मागून पाइक म्हणाला. "बोली नाही. नुसता येऊ दे."

"पेरणीपासून आमच्याकडे," फिनिअस म्हणाला. "माझा एक हात कमी आहे, घरात ताट कमी नाही."

स्टॅनर्डने ओबेदकडे पाहिले.

"गवतकापणीनंतर माझ्याकडे आण," स्टॅनर्ड पुटपुटला. मग आवाज चढवून म्हणाला, "पुढचा विषय घ्या की. बघत काय बसलात?"

ओबेदने विचारले, "कुणाकुणाकडे जेवायला मिळतं चांगलं?" आणि सगळी खोली मोकळी होऊन हसली.

त्या सभेत जोथमने एक शब्दही उच्चारला नव्हता. त्याचा हात माझ्यावर होता.

पुढे पुष्कळ वर्षांनी लिलावाची ती रीत गेली आणि नोटिशीचा कायदाही. तो दुसऱ्याच कुणी रद्द केला. त्यात जोथमचे नाव कुठे नाही. तेव्हा तो डोंगराच्या उतारावर, हिटीच्या शेजारी निजला होता. त्याच्यानंतर मला काही दिवस नातवंडांनी वापरले. मग गाडी आली, रस्ते आले, आणि मला इथे तुळईवर ठेवून कुणीतरी खाली उतरले ते पुन्हा वर आलेच नाही. मुद्दाम नव्हे. विसरले असतील.

मित्रांनो, चामड्याला काय हवे असते ते मी सांगतो. कोमट तेलाचा एक हात, अधूनमधून. तेवढे मिळाले तर ते पिढ्यान्पिढ्या टिकते. नाही मिळाले तर आतून वाळत जाते, आणि वाळताना जराही आवाज करत नाही. म्हणून जवळ जाऊन पाहावे लागते. माझे आता होऊन गेले. पण तुमच्या गल्लीत, तुमच्या जिन्याखाली, देवळाच्या पायरीवर कुणी एकटे बसलेले दिसले, तर ते कुठले, कुणाचे, हे नंतर विचारा. आधी 'जेवलात का?' एवढे विचारा.